पिन बसली म्हणजे वायर बरोबर, असं नसतं



आज पाठ्यपुस्तकाबाहेरचा विषय घेते आहे. तुमच्या घरात एक खण किंवा शाळेच्या कपाटात एक पिशवी नक्की असेल, जिच्यात काळ्या वायरी आणि अडॅप्टर एकमेकांत गुंतून पडलेले आहेत. राउटरचा एक, बंद पडलेल्या टॅबचा एक, सीसीटीव्हीवाला विसरून गेला तो एक, आणि दोन-तीन असे की कशाचे ते कुणालाच आठवत नाही. त्यातले चार-पाच बाहेर काढा आणि फक्त पिनांकडे बघा. बहुतेकांची पिन गोल, पोकळ, साडेपाच मिलिमीटर जाडीची दिसेल. एकाची दुसऱ्याच्या जागी आरामात बसेल. आणि त्यांच्यातून येणारी वीज मात्र 5 व्होल्ट, 9 व्होल्ट, 12 व्होल्ट, 19 व्होल्ट, घरगुती आरओचा असेल तर 24 व्होल्ट. शाळेतले कॉम्प्युटरचे स्पीकर जळतात ते बहुतेक वेळा इथेच.

आमच्या शाळेत हे घडलं म्हणून लिहिते आहे. गावातल्या तरुण मंडळाने वर्गणी काढून दिलेले छोटे दोन स्पीकर होते. 5 व्होल्टवर चालणारे. त्यांची वीज घ्यायची वायर अशी की एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला गोल पिन. लॅपटॉपला किंवा मोबाइलच्या चार्जरला लावली की झालं. त्याच कपाटात दुसरी एक वायर होती. तिलाही एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला तशीच गोल पिन. ती होती लाइट गेल्यावर पॉवर बँकेवर राउटर चालवायची. या वायरीच्या यूएसबीच्या डोक्यात एक बारीक सर्किट असतं, ते 5 व्होल्टचे 12 व्होल्ट करून पुढे पाठवतं. बाहेरून बघून दोघींत फरक सांगा म्हटलं तर मोठ्या माणसालाही सांगता येत नाही. डोक्यावर बारीक अक्षरात '12' छापलेलं असतं, तेसुद्धा काळ्यावर काळं.

परिपाठाची तयारी चौथीतली मुलं करतात. त्या दिवशी एका मुलीने वायर लावली, 'टप्प' असा आवाज झाला, मग काही नाही. पाचेक सेकंदांत प्लास्टिक तापल्याचा वास. तिने लगेच वायर उपटली, तेवढं शहाणपण तिच्याकडे होतं. आणि मला म्हणाली, "पण बाई, पिन तर बरोबर बसली होती."

हे वाक्य नीट ऐकलं तर आपल्याच शिकवण्यातली एक गोष्ट ध्यानात येते. अंगणवाडीपासून आपण मुलांना काय शिकवतो? आकारांचा डबा. त्रिकोण त्रिकोणाच्या भोकात, चौकोन चौकोनाच्या भोकात. जे बसतं ते बरोबर, जे बसत नाही ते चूक. चित्रांचे तुकडे जुळवणं तसंच. पहिलीत तर हा स्वयं-अध्ययनाचा पायाच आहे, कारण बाईंनी न सांगता मुलाला आपली चूक आपल्याला कळते. त्या मुलीने सात वर्षांत पक्कं झालेलं ज्ञान वापरलं, आणि ज्यांनी ही पिन बनवली त्यांनी ते ज्ञान पाळलं नाही.

ते पाळता येतं, याची उदाहरणं घरातच आहेत. मुलांना दाखवायला फार छान. आपल्याकडे भिंतीवर दोन आकारांचे तीन पिनांचे सॉकेट असतात. छोटं 6 अँपियरचं, मोठं 16 अँपियरचं. गीझरची जाड पिन छोट्या सॉकेटमध्ये जातच नाही. म्हणजे जास्त वीज ओढणारं यंत्र कमी ताकदीच्या वायरीवर चुकूनही लागू नये, ही काळजी आकारानेच घेतली आहे. पिनेतला वरचा दांडा, अर्थिंगचा, बाकीच्या दोघांपेक्षा लांब आणि जाड असतो, त्यामुळे पिन उलटी घुसत नाही, शिवाय अर्थिंग आधी जोडलं जातं. मोबाइलच्या सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो, तो कशाला? ते उलटं बसू नये म्हणून. प्रोजेक्टरच्या एचडीएमआय वायरीचं तोंड वर रुंद, खाली अरुंद. इथे सगळीकडे 'बसतं ते बरोबर' हा नियम खरा आहे. गोल पिनेच्या बाबतीतच तो खोटा ठरतो, आणि तो खोटा आहे हे कुणीतरी मुलांना सांगायला हवं.

आता व्होल्ट म्हणजे काय ते पालकांसाठी सोपं करून सांगते. घराच्या स्लॅबवर पाण्याची टाकी आहे. नळ उघडला की पाणी येतं, कारण टाकी उंचावर आहे. हीच टाकी समोरच्या टेकडीवर नेऊन ठेवली तर त्याच नळाला पाणी जोरात येईल, आणि प्लास्टिकचा स्वस्त नळ असेल तर फुटेल. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. अँपियर म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहतंय ते. अडॅप्टरवर व्होल्टचा आकडा असतो तो अडॅप्टर ठरवतो आणि समोरच्या वस्तूवर लादतो. पण अँपियरचा आकडा वेगळा. तो 'मी जास्तीत जास्त इतकं देऊ शकतो' असं सांगणारा आहे. वस्तू तिला लागेल तेवढंच घेते.

यातून कामाची गोष्ट निघते. व्होल्ट अगदी तेवढेच पाहिजेत. अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात. स्पीकरवर 12 व्होल्ट 1 अँपियर लिहिलंय आणि हातात 12 व्होल्ट 2 अँपियरचा अडॅप्टर आहे, बिनधास्त लावा. उलट 12 व्होल्ट अर्धा अँपियरचा लावलात तर आवाज वाढवल्यावर स्पीकर घरघरेल, बंद-चालू होईल, अडॅप्टर तापेल. पुष्कळ लोक याच्या बरोबर उलटं समजतात, 'दोन अँपियर आहे, जास्त होईल' म्हणून योग्य अडॅप्टर बाजूला ठेवतात आणि चुकीच्या व्होल्टचा लावतात.

कमी व्होल्टचा लावला तर? बहुधा वस्तू चालू होत नाही किंवा आवाज फाटका येतो, एवढंच. नुकसान सहसा होत नाही. धोका चढत्या बाजूला आहे. म्हणून मुलांना सांगताना मी एवढंच सांगते की शंका आली तर लहान आकड्याकडून सुरुवात, मोठ्याकडून कधीच नाही.

स्पीकरच्या पोटात नेमकं जळलं काय, हेही बघू. अशा छोट्या यूएसबी स्पीकरमध्ये आवाज मोठा करणारी एक चिप असते. या कामासाठी पीएएम 8403 नावाची चिप फार वापरली जाते, तिला चालणारी वीज साधारण अडीच ते साडेपाच व्होल्ट. तिला 12 व्होल्ट दिले की आतले विजेचे मार्ग वेगळे ठेवणारे अतिशय पातळ थर टिकत नाहीत, वीज भलतीकडूनच वाहू लागते आणि चिप तापून मरते. हे इतकं झटकन होतं की फ्यूज असला तरी तो वितळायच्या आत चिप गेलेली असते. साध्या तारेचं किंवा बल्बचं गणित घेतलं तरी व्होल्ट दुप्पट केले की उष्णता चौपट होते. 5 च्या जागी 12 म्हणजे 2.4 पट, आणि 2.4 गुणिले 2.4 केलं तर 5.76. जवळजवळ पावणेसहा पट. चिप काही साधी तार नाही, पण अंदाज यायला हे पुरे.

थोड्या मोठ्या स्पीकरमध्ये चिपबरोबर गोल डब्यासारखे कपॅसिटर असतात. त्यांच्या अंगावर 10 व्होल्ट, 16 व्होल्ट, 25 व्होल्ट असं छापलेलं असतं. त्या मर्यादेपुढे वीज गेली की त्यांचं डोकं फुगतं, कधी फुटून आतलं रसायन बाहेर येतं. तो वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही.

आणि जे जळत नाही ते असं की आवाज काढणारा कागदी कोन, त्यामागचं चुंबक आणि तारेचं वेटोळं, हे बहुतेक वेळा सुखरूप असतं. आम्ही जळलेला स्पीकर उघडला, कोनाकडे जाणाऱ्या दोन तारा चिपपासून सोडवल्या आणि एक पेन्सिल सेल क्षणभर टेकवला. 'खट' असा आवाज आला आणि कोन किंचित पुढे सरकला. मुलं नाचली. मेलेला स्पीकर बोलला ना! तालुक्याच्या दुरुस्तीवाल्या दादांनी त्याच खोक्यात नवीन छोटं सर्किट बसवून दिलं. असं सर्किट शंभर रुपयांच्या आत मिळतं, आणि ते बसवणारे हात तुमच्याही बाजारपेठेत असतील. पण वर्गात खोलायचं असेल तर बोर्डाला थेट लावायचे, म्हणजे आतच 230 व्होल्ट घेणारे स्पीकर अजिबात खोलू नका. यूएसबीवर चालणारेच, आणि वायर काढल्यावरच.

एक चूक बहुतेक जण करतात, तीही सांगते. वास आल्यावर पहिल्यांदा बोर्डाचं बटण बंद करा, मग वायर काढा. आणि त्यानंतर 'आता बरोबर अडॅप्टर लावून बघू' हा प्रयोग करू नका. आत शॉर्ट झालेलं असेल तर तो चांगला अडॅप्टर किंवा लॅपटॉपचा यूएसबी पोर्टही जाऊ शकतो.

कोणती चूक माफ आणि कोणती नाही

मुलांच्या मनात सरसकट भीती घालण्यापेक्षा हा फरक शिकवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कॉम्प्युटरमागच्या रंगीत भोकांचं बघा. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. हे रंग 'पीसी 99' या नियमावलीने रुळले, 1990 च्या दशकाच्या शेवटी मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी ती केली होती. आता स्पीकरची पिन गुलाबीत घातली तर काय होईल? आवाज येणार नाही. बस. काढून हिरव्यात घाला. इथे मुलांना खुशाल चुकू द्या. ही साडेतीन मिलिमीटरची पिन म्हणजे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बायका भराभर लावायच्या-काढायच्या त्या जाड पिनेची धाकटी नात. सारखं लावणं-काढणं हेच तिचं काम.

पण त्याच पिनेशी एक गंभीर चूक होऊ शकते, आणि ती मुलं नाही, आपण मोठी माणसं करतो. गॅदरिंगच्या दिवशी. मैदानावर कर्ण्यांसाठी मोठा अँप्लिफायर असतो. कुणीतरी म्हणतं, वर्गातही आवाज जाऊ दे, आणि अँप्लिफायरच्या मागच्या स्क्रूंवरून एक वायर काढून कॉम्प्युटर स्पीकरच्या पिनेला जोडतं. कॉम्प्युटर स्पीकरच्या त्या पिनेला अपेक्षा असते साधारण एका व्होल्टच्या आसपासच्या नाजूक सिग्नलची. अँप्लिफायरच्या मागचे स्क्रू हे लांबच्या कर्ण्यांना ढकलायचे असतात, त्यातल्या काहींवर तर 70 किंवा 100 व्होल्ट असं लिहिलेलंच असतं. स्पीकर तर जातोच, आणि चालू असताना त्या स्क्रूंना हात लागला तर झटकाही बसतो. वर्गात आवाज न्यायचाच असेल तर अँप्लिफायरवर 'लाइन आउट' असं लिहिलेलं भोक असतं, तिथून न्यावा. नसेल तर राहू द्या.

अजून एक कमी दिसणारी गोष्ट. जुन्या काही मोबाइलच्या चार्जरची जाड पिनही साडेतीन मिलिमीटरचीच होती. ती हेडफोनच्या भोकात घुसते. आवाजाच्या भोकात वीज! असे चार्जर घरात असतील तर लहान मुलांच्या हाताशी ठेवू नका.

टाइप-सी बद्दल पालक विचारतात, 65 वॉटचा लॅपटॉपचा चार्जर मोबाइलला लावला तर चालतो का? चालतो. कारण टाइप-सी चार्जर सुरुवातीला 5 व्होल्टच देतो. समोरच्या वस्तूने मागितलं आणि दोघांचं जमलं, तरच 9, 15, 20 वर जातो. गोल पिनेला विचारायची सोयच नाही, ती आहे ते ओतते.

लेबल वाचणं हा गणिताचा तास होतो

अडॅप्टरवरचं लेबल इंग्रजीत आणि बारीक असतं, पण चौथी-पाचवीच्या मुलांना ते वाचता येतं, फक्त कुठे बघायचं ते दाखवावं लागतं. पहिली ओळ 'इनपुट'ची. तिथे 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असं असतं. मुलं हटकून हाच मोठा आकडा वाचतात. ती भिंतीकडची बाजू, ती सोडायची. त्याखालची 'आउटपुट'ची ओळ आपली. तिथे व्होल्टचा आकडा, मग अँपियरचा. कधी तो मिलिअँपियरमध्ये असतो, 500, 1000, 1500. मग 1000 मिलिअँपियर म्हणजे 1 अँपियर, तर 1500 म्हणजे किती? मिलिलिटर-लिटरचं रूपांतर शिकवून झालं की लगेच हे घ्या, मुलांना पुस्तकातल्या दुधाच्या उदाहरणांपेक्षा यात मजा येते.

व्होल्टच्या आकड्याजवळ एक चिन्ह असतं. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर एका दिशेने वाहणारी वीज, म्हणजे डीसी. नागमोडी रेघ असेल तर एसी. जुन्या काही स्पीकरांचे वजनदार अडॅप्टर एसी देतात, तो डीसीच्या वस्तूला लावायचा नाही. आकडा तोच असला तरी नाही.

तिसरी खूण मुलांना सर्वात आवडते. मध्ये एक ठिपका, भोवती अर्धवट गोल, आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे. ठिपका म्हणजे पिनेचा आतला भाग, गोल म्हणजे बाहेरचा. ठिपक्याची रेघ अधिककडे गेली असेल तर आतून अधिक. आजकाल बहुतेक अडॅप्टर असेच असतात. पण संगीताचे काही जुने इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड बरोबर उलटे, आत उणे. शाळेत असा कीबोर्ड असेल तर त्याचा अडॅप्टर वेगळाच ठेवा. अडॅप्टरवरची खूण आणि वस्तूच्या भोकाशेजारची खूण जुळवायची, म्हणजे पुन्हा आकारांचाच खेळ, फक्त आकार आता छापलेला आहे.

व्होल्ट वाढले की काय होतं हे डोळ्यांनी दाखवायचं असेल तर विजेच्या सामानाच्या दुकानातून टॉर्चचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब आणा. बुडाशी 2.5 व्होल्ट लिहिलेला. दीड व्होल्टचा एक सेल लावा, मंद पेटेल. दोन लावा, छान पिवळा. तीन लावा, पांढराफटक, आणि मुलं 'ओऽऽ' करतील. चौथा लावण्याआधी बल्बवर काचेची बरणी पालथी घाला आणि मुलांना विचारा काय होईल. मग लावा. बल्ब दोन-चार बल्ब जास्तच आणा, कारण 'बाई, पुन्हा' होणारच. हा प्रयोग सेलवरच करायचा, बोर्डावरच्या विजेशी कुणी खेळायचं नाही, हे आधी बजावून सांगा.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकांनी सुचवलं होतं की साहित्य कुलपात ठेवा, मुलांनी हात लावायचाच नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, वर्गणीत त्यांचेही पैसे होते. पण लोकसहभागातून आलेलं किती साहित्य या भीतीने कपाटात धूळ खातंय, ते तुम्हालाही माहीत आहे. मी त्यांना ते दोन काळे यूएसबीचे टोक हातात दिले आणि म्हटलं, स्पीकरची कोणती ते ओळखा. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, हसले, आणि कुलपाचा विषय तिथे थांबला. त्यांनीच नंतर दुकानातून रंगीत चिकटपट्टीची रिळं आणून दिली.

आता आमच्याकडे 5 व्होल्टला हिरवी पट्टी, 9 ला पिवळी, 12 ला निळी, त्यापुढच्या सगळ्यांना लाल. पट्टी पिनेजवळ, कारण लावताना नजर तिथे असते. अडॅप्टरच्या डब्यावर लावली तर कुणी बघत नाही, तो बोर्डाला लटकलेला असतो. वस्तूच्या भोकाशेजारीही त्याच रंगाचा ठिपका. पट्टीवर मार्करने आकडाही लिहायचा, कारण हिरवा-लाल वेगळे न दिसणारी मुलं प्रत्येक शाळेत एखाद-दुसरं असतं. हे काम मुलांनीच केलं, लेबलं वाचून, जोडीजोडीने. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तपासायचं.

ज्यांच्यावर लेबलच नाही त्यांचं काय? त्यासाठी मल्टिमीटर लागतो. इलेक्ट्रिशियनकडे असतोच. डीसी 20 व्होल्टच्या खुणेवर ठेवून लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेरच्या बाजूला टेकवायचं. आरओचा असण्याची शंका असेल तर 200 ची खूण. हे मोठ्या माणसाने करायचं, मुलांनी आकडा वाचायचा. दोन गोष्टींनी गोंधळू नका. जुना जड अडॅप्टर काही न जोडता मोजला तर लेबलापेक्षा बराच जास्त आकडा दाखवतो, 9 चा 12-13 सुद्धा, तो बिघडलेला नसतो. आणि आकड्याआधी उण्याची खूण दिसली तर पिनेत आत उणे आहे. चौथीला अजून ऋण संख्या नाहीत, त्यामुळे "बाई, शून्याच्या खाली वीज कशी?" हा प्रश्न आमच्याकडे आलाच. मी मीटरची दोन टोकं अदलाबदल करून दाखवली, खूण गेली, आकडा तोच राहिला. पुढचं त्यांनीच सांगितलं, की खाली-वर नाही, उलट-सुलट आहे.

मोजूनही कशाचा ते न समजलेले अडॅप्टर आम्ही एका वेगळ्या डब्यात टाकले आहेत. डब्यावर मुलांनी 'ओळख नाही' असं लिहिलंय. सध्या त्यात सात आहेत.